‘ॲनिमल फार्म’चा अभ्यास: तक्ता पाठ आहे, पुढे काय?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ ही कादंबरी नेमली आहे: जनावरं मालक जोन्सला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि मग डुकरं सत्ता बळकावतात, अशी ही गोष्ट. नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल डुक्कर म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, बॉक्सर घोडा म्हणजे कामगार, मोझेस नावाचा डोमकावळा म्हणजे चर्च, हा तक्ता तुम्हाला तोंडपाठ आहे. तरीही ‘राजकीय रूपककथा म्हणून या कादंबरीची चर्चा करा’ या प्रश्नाला पंधरापैकी सहा गुण पडले आणि खाली ‘फक्त कथासार’ असा शेरा आला. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. आधी रशियन क्रांतीचा इतिहास वाचून काढावा का? मित्र म्हणतो तसं हे पुस्तक समाजवादाच्या विरोधातलं आहे असं लिहावं का? आणि वेळ वाचवायला सिनेमा पाहिला तर चालेल का?

मी बरीच वर्षं ग्रामीण भागातल्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवते, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकाही तपासते. या प्रश्नाची बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली येतात. एक परिच्छेद लेखकाची माहिती, दोन पानं गोष्ट, मग तक्ता, आणि शेवटी ‘सत्ता माणसाला भ्रष्ट करते’ हे वाक्य. तपासणाऱ्याला त्यात चूक सापडत नाही, पण गुण द्यायलाही जागा सापडत नाही. तुमची खरी अडचण तीच आहे. रूपककथेचा प्रश्न ‘कोण म्हणजे कोण’ एवढ्यावर संपत नाही. लेखकाने इतिहासातलं काय घेतलं, काय गाळलं, काय मुद्दाम बदललं आणि त्यातून त्याला काय दाखवायचं होतं, हे त्यात विचारलेलं असतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. परीक्षा आठ दिवसांवर असेल तर मी पुढे सांगतेय ते सगळं होणार नाही. मग फक्त दोन प्रसंग निवडा आणि ते नीट करा. संदर्भासहित स्पष्टीकरणाचे प्रश्न येत असतील तर मूळ वाक्यांशी ओळख हवी, नुसत्या मराठी सारांशावर भागणार नाही. आणि तुमच्या प्राध्यापकांना इतिहासावर भर हवा आहे की भाषेवर, हे त्यांनाच विचारा. माझं मत सांगते, पण गुण ते देणार आहेत.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: इतिहास आधी नको. आधी गोष्ट वाचा, आणि शेतावरची गोष्ट म्हणूनच वाचा. माझ्या वर्गात पहिल्या वाचनाला रशियाचं नाव काढायला बंदी असते. मुलांना समासात फक्त तीन गोष्टी टिपायला सांगते: कोणाला काय खायला मिळालं, कोणाला किती वाचता येतं, आणि निर्णय झाला तेव्हा कोण हजर होतं. पुस्तक जेमतेम शंभर पानांचं आहे, दोन बैठकांत होतं. पण या तीन खुणा करत वाचलं की सत्ता कुठून कुठे सरकली हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ते एकदा दिसलं की इतिहास त्याला जोडता येतो. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक प्रसंगावर आधीच एक चिठ्ठी चिकटलेली असते आणि प्रसंग वाचायचा राहूनच जातो.

दुधाचा प्रसंग घ्या. दुसऱ्या प्रकरणाचा शेवट आहे. जोन्सला हाकललंय, सात नियम कोठाराच्या भिंतीवर रंगवून झालेत, आणि गाई हंबरतात, कारण पूर्ण दिवसभर त्यांची धार काढलेली नाही. डुकरं कशीबशी धार काढतात. फेसाळलेल्या दुधाच्या पाच बादल्या भरतात. कोणीतरी विचारतं, या दुधाचं काय करायचं? एक कोंबडी म्हणते, जोन्स कधीकधी आमच्या खाण्यात थोडं मिसळायचा. नेपोलियन बादल्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दुधाचं सोडा, त्याचं बघू, गवताची कापणी महत्त्वाची आहे. स्नोबॉल सगळ्यांना घेऊन शेतात जातो. संध्याकाळी परत येतात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं.

एवढंच. कोणी प्यायलं ते त्या वाक्यात नाही. निवेदक आरोप करत नाही, कारण जनावरांनी काही पाहिलेलंच नाही, आणि ही सगळी कादंबरी त्यांच्याच नजरेच्या उंचीवरून सांगितलेली आहे. पुढच्या प्रकरणात कळतं की दूध रोज डुकरांच्या आंबोणात जातंय. मग वाऱ्याने पडलेली सफरचंदंही डुकरांसाठी राखून ठेवायचा हुकूम निघतो. डुकरांची बाजू मांडणारा स्क्वीलर डुक्कर समजावायला येतो: आम्हाला दूध-सफरचंद आवडत नाही हो, पण आम्ही डोक्याचं काम करतो, विज्ञानाने सिद्ध झालंय, आणि आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल. जोन्स परत येईल म्हटल्यावर कोणाला बोलायला तोंडच उरत नाही.

ऑर्वेलने अमेरिकन लेखक ड्वाइट मॅकडोनल्ड यांना १९४६च्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की गोष्टीचा कलाटणीबिंदू हाच. डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली त्याच वेळी इतरांनी पाय रोवून उभं राहायला हवं होतं, आणि इतिहासातली त्याची जागा म्हणजे क्रॉनश्टाट. मार्च १९२१मध्ये क्रॉनश्टाटच्या नौदल तळावरच्या खलाशांनी बोल्शेविकांविरुद्ध, म्हणजे लेनिनच्या सत्ताधारी पक्षाविरुद्ध, उठाव केला. क्रांतीच्या वेळी हेच खलाशी आघाडीवर होते. त्यांच्या मागण्यांत सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी मंडळांच्या, नव्या निवडणुका होत्या, भाषणस्वातंत्र्य होतं, सगळ्यांना सारखं रेशन हेही होतं. उठाव लष्कर घालून चिरडला गेला, आणि लाल सैन्याचा प्रमुख तेव्हा ट्रॉट्स्की होता.

आता तुमचा तक्ता या प्रसंगापुढे धरा. तक्ता सांगतो की स्नोबॉल चांगला आणि नेपोलियन वाईट. पण सफरचंदांच्या मुद्द्यावर सगळी डुकरं एकमताची होती, स्नोबॉल आणि नेपोलियनसुद्धा, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. एरवी प्रत्येक गोष्टीवर भांडणारे हे दोघे फक्त इथे भांडत नाहीत. म्हणजे ‘स्नोबॉल टिकला असता तर सगळं चांगलं झालं असतं’ हे वाचन पुस्तक तुम्हाला करू देत नाही. हा एवढा मुद्दा, प्रसंगाच्या पुराव्यासकट, उत्तरात आला असता तर शेरा वेगळा पडला असता.

दुसरी खूण वाचता येण्याची. मला वाटतं या पुस्तकाचा कणा हाच आहे, आणि गाइडमध्ये तो एखाद्या ओळीत उरकलेला असतो. तिसऱ्या प्रकरणात ऑर्वेल जवळजवळ हजेरी घेतल्यासारखं सांगतो. डुकरांना लिहिता-वाचता उत्तम येतं. कुत्रे बऱ्यापैकी शिकतात, पण सात नियमांपलीकडे काही वाचायची त्यांना इच्छा नाही. म्युरिएल शेळी उकिरड्यावरचे वर्तमानपत्राचे तुकडे वाचून दाखवते. बेंजामिन गाढवाला कुठल्याही डुकराइतकं वाचता येतं, पण वाचण्यासारखं काही नाही म्हणून तो वाचत नाही. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरं येतात, शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर डीपर्यंत पोहोचतो. पुढची चार शिकला की आधीची विसरतो. मॉली स्वतःच्या नावाची सहा अक्षरं शिकते आणि थांबते. बाकीच्यांची गाडी एच्या पुढे जात नाही, आणि त्यांच्यासाठी सात नियमांची एकच घोषणा बनवली जाते, जी मेंढ्या तासन्‌तास ओरडत बसतात.

ही यादी वाचताना मजेशीर वाटते. पण पुढे घडणारी प्रत्येक फसवणूक याच उतरंडीवर चालते. डुकरं बंगल्यात पलंगावर झोपू लागतात. क्लोव्हरला आठवतं की पलंगाविरुद्ध काहीतरी नियम होता. ती भिंतीपाशी जाते, वाचता येत नाही, म्युरिएलला बोलावते. म्युरिएल वाचते: चादरी घातलेल्या पलंगावर झोपू नये. चादरींचा उल्लेख क्लोव्हरला आठवत नाही, पण भिंतीवर आहे त्याअर्थी असणारच. तेवढ्यात स्क्वीलर दोन-तीन कुत्रे बरोबर घेऊन तिथून जातो आणि खुलासा करतो. दारूबद्दल तसंच होतं, जनावराने जनावराला मारण्याबद्दलही तसंच. आधी कृती, मग अंधूक आठवण, मग भिंत, मग खुलासा, आणि खुलाशाच्या मागे कुत्रे. हा क्रम तुम्ही एकदा उत्तरात मांडलात की ‘प्रचारतंत्र’ या विषयावर वेगळं पान भरायची गरज राहत नाही.

आणि मग नववं प्रकरण. पवनचक्कीसाठी दगड ओढताना बॉक्सर कोसळतो. निवृत्तीनंतर उरलेली बावीस अक्षरं शिकायची, असा त्याचा बेत आहे. एके दिवशी भर दुपारी गाडी येते. बाकीची जनावरं सलगमाच्या शेतात खुरपणी करताहेत. बेंजामिन ओरडत, चौखूर धावत येतो; त्याला धावताना कोणी कधी पाहिलेलं नसतं. सगळे गाडीभोवती जमून बॉक्सरला निरोप देताहेत, आणि तो पाय आपटून ओरडतो, मूर्खांनो, गाडीवर काय लिहिलंय ते दिसत नाही का? म्युरिएल अक्षरं लावू लागते. बेंजामिन तिला बाजूला सारतो आणि स्वतः वाचतो: घोडे मारणारा, सरस उकळणारा, चामडं आणि हाडांची पूड विकणारा व्यापारी. ज्याला सगळं वाचता येत होतं आणि ज्याने आयुष्यभर वाचायचं नाकारलं, तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचतो, आणि तेवढ्यात गाडी सुटते.

यानंतर स्क्वीलरचा खुलासा पाहा. गाडी पूर्वी त्या व्यापाऱ्याची होती, आता ती जनावरांच्या डॉक्टरने विकत घेतलीय, जुनं नाव पुसायचं राहून गेलं. थोडं थांबून विचार करा. कोठाराच्या भिंतीवरची अक्षरं रातोरात बदललेली असतात, आणि जनावरांना सांगितलं जातं की ती पहिल्यापासून अशीच आहेत. गाडीवरची अक्षरं खरी असतात, आणि सांगितलं जातं की ती जुनी आहेत, आता खोटी झालीत. दोन्ही वेळा जनावरांच्या डोळ्यांसमोर लिखाण असतं आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ लावायचा हक्क स्क्वीलरकडे असतो. मला विचाराल तर सगळ्या कादंबरीत याहून भेदक जोडी नाही. या दोन प्रसंगांवर मिळून दीड पान लिहा. तिथे तुम्हाला गोष्ट सांगत बसावंच लागणार नाही.

बेंजामिनबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. तक्त्यात त्याच्यापुढे बहुधा ‘संशयवादी बुद्धिजीवी’ असं लिहिलेलं असतं. तेवढ्यावर सोडू नका. आठव्या प्रकरणात, नेपोलियनने घडवलेल्या हत्याकांडानंतर, क्लोव्हर त्यालाच आधी भिंतीवरचा नियम वाचायला सांगते आणि तो नेहमीप्रमाणे म्हणतो, मी असल्या गोष्टींत पडत नाही. ऑर्वेल त्याला दोषी ठरवत नाही आणि माफही करत नाही. दहाव्या प्रकरणात तो आपला नियम मोडून क्लोव्हरला भिंत वाचून दाखवतो, तोवर भिंतीवर एकच वाक्य उरलेलं असतं. वाचता येणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न पुस्तक बेंजामिनच्या रूपाने तुमच्या-माझ्यासारख्या वाचकालाच विचारतं, असं मला दर वेळी वाटतं.

आता इतिहास. इथे तुम्हाला सहाशे पानांचा ग्रंथ नको, एक कागद पुरे. त्यावर एवढं लिहा: १९१७च्या दोन क्रांत्या, फेब्रुवारी आणि ऑक्टोबर; १९१८ ते १९२१चं यादवी युद्ध; मार्च १९२१ क्रॉनश्टाट; जानेवारी १९२४ लेनिनचा मृत्यू; १९२७ला ट्रॉट्स्कीची पक्षातून हकालपट्टी, १९२९ला देशाबाहेर रवानगी, १९४०ला मेक्सिकोत खून; १९२८पासून पहिली पंचवार्षिक योजना आणि पाठोपाठ शेतीचं सक्तीचं सामूहिकीकरण; १९३२-३३चा दुष्काळ; १९३६ ते १९३८चे मॉस्को खटले, म्हणजे स्टालिनने विरोधकांवर खोटे आरोप ठेवून चालवलेले खटले; ऑगस्ट १९३९चा स्टालिन-हिटलर करार; जून १९४१चं जर्मन आक्रमण; आणि १९४३च्या अखेरची तेहरान परिषद. शेजारी प्रकरणांचे आकडे टाका. जोन्सची हकालपट्टी दुसऱ्यात, गोठ्याची लढाई चौथ्यात, कुत्रे सोडून स्नोबॉलला पळवून लावणं पाचव्यात, कबुलीजबाब आणि कत्तल सातव्यात, शेजारचा शेतमालक फ्रेडरिक याच्या बनावट नोटा आणि हल्ला आठव्यात.

कागद भरला की व्यक्तींची जोडी लावणं सोडा आणि घटनांची रीत जुळते का ते बघा. उदाहरणादाखल कोंबड्यांचं बंड घ्या, सातव्या प्रकरणातलं. शेतावर दाणा संपत आलाय. बाहेरच्या माणसांना ते कळू नये म्हणून कणग्यांत वाळू भरून वर धान्याचा थर पसरतात आणि मध्यस्थ व्हिंपरला तिथून फिरवतात. मग आठवड्याला चारशे अंडी विकायचा करार होतो. कोंबड्या आढ्यावर चढून तिथून अंडी टाकतात, खाली पडून फुटतात. नेपोलियन त्यांचा दाणा बंद करतो. पाच दिवसांत कोंबड्या शरण येतात, नऊ मेलेल्या असतात, आणि त्या रोगाने मेल्या असं जाहीर केलं जातं. आता १९३०च्या आसपासचा सोव्हिएत ग्रामीण भाग बघा. सामूहिक शेतीत गुरं द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी ती मोठ्या संख्येने कापून टाकली. धान्याची सक्तीची वसुली चालू राहिली, त्याच काळात धान्याची निर्यातही झाली, लाखो माणसं उपासमारीने मेली, विशेषतः युक्रेनमध्ये. दुष्काळ आहे हे सरकारने मान्य केलं नाही, आणि परदेशी पाहुण्यांना हवं तेवढंच दाखवलं. ‘कोंबड्या म्हणजे शेतकरी’ हे तीन शब्द आणि हा परिच्छेद यांत किती अंतर आहे ते तुम्हालाच दिसेल. इथे तक्त्यातल्या एका ओळीतून आख्खी यंत्रणा उलगडते: आपलंच पीक आपणच नासवायची पाळी कोणावर का येते, आणि त्यांचा मृत्यू कागदावर कसा बदलतो.

यापुढची पायरी जास्त महत्त्वाची, आणि चांगलं उत्तर व उत्तम उत्तर यांतला फरक इथे पडतो. तक्ता कुठे बसत नाही ते शोधा.

लेनिन कुठे आहे? ओल्ड मेजर, म्हणजे बंडाचं स्वप्न पहिल्यांदा मांडणारा म्हातारा डुक्कर, हा मार्क्स म्हणावा, तर त्याची कवटी खांबावर ठेवून रविवारी जनावरांना तिच्यासमोरून रांगेने जायला लावतात, आणि मॉस्कोतल्या लेनिनच्या जतन केलेल्या देहाची आठवण येते. पण क्रांतीनंतर राज्य चालवणारा लेनिन गोष्टीत नाहीच. मेजर बंडाच्या आधी मरतो आणि सूत्रं थेट नेपोलियन-स्नोबॉलकडे येतात. असं का केलं असेल? काही वाचक म्हणतात, गोष्ट सुटसुटीत राहावी म्हणून. मला वाटतं त्याचा परिणाम अधिक मोठा आहे. स्वप्न आणि त्याची राखरांगोळी यांच्यामध्ये ऑर्वेल चांगल्या नेत्याचा एकही काळ ठेवत नाही. दूध पहिल्याच दिवशी नाहीसं होतं. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल. मात्र हा प्रश्न उत्तरपत्रिकेत आलाच पाहिजे.

मग नेपोलियनचं धैर्य. फ्रेडरिकची माणसं पवनचक्की सुरुंगाने उडवतात तेव्हा नेपोलियन सोडून सगळी जनावरं जमिनीवर पालथी पडतात. आधीच्या मसुद्यात नेपोलियनही पडत होता. पुस्तक छपाईला जाण्याच्या सुमारास, मार्च १९४५मध्ये, ऑर्वेलने प्रकाशकाला कळवून ते बदलून घेतलं. कारण दिलं ते असं, की स्टालिनवर अन्याय नको. जर्मन सैन्य चालून आलं तेव्हा स्टालिन मॉस्कोत थांबला होता. ज्याला ऑर्वेल इतका कडाडून विरोध करत होता त्याच्याबद्दलही एक खोटी रेघ त्याला नको होती. उपहास लिहिणारा माणूस तथ्यांशी इतका प्रामाणिक राहिला, याबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि शेवट. खिडकीतून जनावरं डुकरं आणि माणसं यांच्याकडे पाहतात आणि कोण कोण ते त्यांना ओळखू येत नाही, इथवर सगळ्यांना आठवतं. त्याआधीचं भांडण विसरलं जातं. नेपोलियन आणि शेजारचा दुसरा शेतमालक पिल्किंग्टन पत्त्यांत एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात आणि आरडाओरडा सुरू होतो. पुस्तकाच्या युक्रेनियन आवृत्तीसाठी १९४७मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत ऑर्वेल सांगतो की डुकरं आणि माणसांची गट्टी जमली असा शेवट त्याला करायचा नव्हता. तेहरान परिषदेत रशिया आणि पाश्चात्त्य देशांची दिलजमाई झाली असं सगळे म्हणत होते, त्याच वेळी तो लिहीत होता, आणि ते संबंध टिकतील यावर त्याचा विश्वास नव्हता. पुढे शीतयुद्ध सुरू झालंच.

दुसरा प्रश्न: हे समाजवादाविरुद्धचं पुस्तक आहे का? तुमच्या मित्राच्या म्हणण्याला आधार नाही. ऑर्वेल स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवत असे, आणि १९३६पासून लिहिलेली गंभीर लेखनातली प्रत्येक ओळ हुकूमशाहीविरुद्ध आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूने आहे, असं त्याने १९४६मध्ये लिहिलंय. पण लेखकाचं विधान पुरेसं नाही, पुस्तकातला पुरावा द्या. मेजरच्या भाषणात जनावरांच्या पिळवणुकीचं जे वर्णन आहे, ते कादंबरीत कुठेही खोटं ठरत नाही. जोन्सचं राज्य बरं होतं असं एकही पान सांगत नाही. आणि शेवटी डुकरांवर सर्वांत मोठा ठपका कोणता? ती माणसांसारखी झाली. माणूस चांगला मालक असता तर तो ठपका ठरलाच नसता.

इथे एक जुना वाद उपयोगी पडतो. १९४४मध्ये रशिया ब्रिटनचा दोस्त होता, त्यामुळे लंडनच्या एकामागून एक प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत केलं. फेबर या प्रकाशनसंस्थेच्या वतीने कवी टी. एस. एलियट यांनी नकार कळवताना असा मुद्दा मांडला, की डुकरंच सर्वांत हुशार होती, तेव्हा शेत चालवायला तीच योग्य. गरज होती ती लोकहिताची जाण असलेल्या डुकरांची. या म्हणण्याला पुस्तकाच्या आधारे उत्तर द्यायचा प्रयत्न करा. चांगली डुकरं मिळाली असती तर भागलं असतं का, की कोणालाही न विचारता दूध वाटायचा अधिकार एकाच गटाकडे असणं हीच मूळ गोम आहे? मॅकडोनल्डला लिहिलेल्या त्याच पत्रात ऑर्वेलने म्हटलंय की जनता जागी असेल आणि काम होताच नेत्यांना बाजूला करणं तिला जमत असेल, तरच क्रांतीने खरा बदल होतो. वर्गात या मुद्द्यावर मी दोन गट पाडते, आणि तास संपला तरी मुलं उठत नाहीत.

लेखकाची माहिती एका परिच्छेदात लिहायचीच असेल तर जन्म-मृत्यूच्या तारखांपेक्षा पुस्तकाला भिडणारं लिहा. ऑर्वेल स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला गेला, मे १९३७मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली, आणि त्यानंतर त्याच्या गटावर फॅसिस्टांचे हस्तक असल्याचा आरोप ठेवून कम्युनिस्टांनी धरपकड सुरू केली. तो आणि त्याची पत्नी कसेबसे निसटले. इंग्लंडला परतल्यावर त्याने पाहिलं की शहाणीसुरती माणसं वर्तमानपत्रातल्या मॉस्को खटल्यांच्या बातम्यांवर विश्वास ठेवताहेत. हे पुस्तक त्या माणसांसाठी आहे. पुढे ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ तो बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात होता. तिथे तो युद्धाच्या साप्ताहिक वार्तापत्रांचे इंग्रजी मसुदे लिहायचा, त्यांची भारतीय भाषांत भाषांतरं व्हायची, त्यांत मराठीही होती. मराठी मुलखातून गेलेल्या वेणू चितळे तिथे त्याच्याबरोबर काम करत. प्रक्षेपणाआधी प्रत्येक मजकूर सरकारी तपासणीतून जायचा. प्रचारयंत्रणा आतून कशी चालते हे दोन वर्षं पाहून तो बाहेर पडला आणि लगेच ‘ॲनिमल फार्म’ लिहायला बसला. फेब्रुवारी १९४४पर्यंत पुस्तक झालं, ऑगस्ट १९४५मध्ये छापून आलं.

प्रत्यक्ष लिहिताना पहिलं वाक्य ‘रूपककथा म्हणजे...’ असं सुरू करू नका. थेट एका प्रसंगापासून सुरू करा, त्याची ऐतिहासिक जोडी एका वाक्यात सांगा आणि लगेच पुढे जा: लेखकाने इथे काय बदललं? असे तीन प्रसंग पुरतात. माझी निवड दूध, कोंबड्या आणि गाडी अशी असेल. तुमची वेगळी असू शकते. व्यक्तींचा तक्ता ओघात येऊ द्या, स्वतंत्र चौकट नको. आजच्या राजकारणातलं उदाहरण द्यावं का, असंही मुलं विचारतात. मी सहसा देऊ नका म्हणते. त्यात चूक काही नाही, पण परीक्षेच्या घाईत ते घोषणेसारखं उतरतं आणि पुस्तकातला पुरावा मागे पडतो.

सिनेमाबद्दल. १९५४चा हॅलास आणि बॅचलर यांचा ॲनिमेशनपट चित्रांच्या दृष्टीने सुरेख आहे, पण अभ्यासासाठी त्यावर विसंबू नका. त्याला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा छुप्या मार्गाने मिळाला होता, आणि शेवट बदललेला आहे: जनावरं पुन्हा उठाव करून डुकरांवर चाल करून जातात. पुस्तकात तसं काही घडत नाही. उत्तरपत्रिकेत हा शेवट आला की विद्यार्थ्याने पुस्तक उघडलेलं नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. पुस्तक वाचून झाल्यावर मात्र जरूर पाहा, कारण पडद्यावर माणसं त्या खिडकीत दिसत नाहीत, तिथे फक्त डुकरं आहेत. ते का काढलं असेल, हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय होऊ शकतो.

आधी तेच पंधरा गुणांचं उत्तर दुधाच्या प्रसंगापासून पुन्हा लिहून बघा. नऊशे-हजार शब्दांत बसवा. लिहून पाठवलंत तर मी वाचून सांगेन.